बायबलचं वचन सरकारी निवेदनात लिहावं का?

प्रश्न: मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीच्या सेक्रेटरी आहेत. चर्चजवळ एक वाइन शॉप आहे आणि मागच्या गल्लीत देशी दारूचं दुकान. संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना आणि क्लासहून परतणाऱ्या मुलींना तिथून जाणं नकोसं होतं. कमिटीने सरकारला निवेदन द्यायचं ठरवलं आहे: 'पवित्र शास्त्र मद्यपान निषिद्ध मानतं, म्हणून ही दुकानं बंद करावीत आणि दर रविवारी आमच्या वॉर्डात दारूविक्री बंद ठेवावी.' मसुदा ताईंनी लिहायचा आहे. त्यातच एक इच्छुक उमेदवार म्हणतोय, 'उपासनेनंतर मला पाच मिनिटं बोलू द्या, तुमचं निवेदन मी वरपर्यंत नेतो.' ताईंची मुलगी लॉ कॉलेजात शिकते. ती म्हणते, 'गोमांसबंदी आली तेव्हा आपणच म्हणत होतो की एकाच्या श्रद्धेचा कायदा दुसऱ्याच्या ताटावर नको. आता आपण तेच करतोय. धर्म घरात ठेवा.' पाळक साहेब म्हणतात, चर्चच्या दाराबाहेर गप्प बसणारा विश्वास काय कामाचा? ताई लिहितात, 'मला दोघांचंही पटतं. मग लिहू काय?'

प्रिय ताई,

आधी कामाचं बोलू, कारण बैठक जवळ आली असेल. निवेदन जरूर द्या. त्यातला 'पवित्र शास्त्र मद्यपान निषिद्ध मानतं, म्हणून' एवढा भाग काढा. रविवारची मागणी पूर्ण काढा. आणि त्या उमेदवाराला चर्चच्या आवारात बोलू देऊ नका.

आता कारणं. ती जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात अनेक जणांना पडतो.

तुमची मुलगी आणि पाळक साहेब एकमेकांविरुद्ध बोलतात असं वाटतं खरं, पण दोघांनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे. विश्वासाने एकतर घरात गप्प बसावं, नाहीतर वचन होऊन कायद्यात शिरावं, या दोनच जागा त्यांना दिसतात. तिसरी जागा आहे, आणि मुंबईतल्या ख्रिस्ती माणसांनी ती पूर्वी वापरलेली आहे.

मुलीचं 'घरात ठेवा' आधी घेऊ. बायबलचा बराच भाग घरात मावणारा नाहीच. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात (वचन ८) घर बांधणाऱ्याला सांगितलं आहे की छपराला कठडा कर, कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. हा इमारतीच्या सुरक्षेचा नियम आहे. दर पावसाळ्याआधी जिथे धोकादायक इमारतींची यादी लागते, त्या शहराला तो आजही लागू पडतो. त्याच पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात (१४-१५) गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे, मग तो आपल्यातला असो की परका. लेवीयात (१९:९-१०) शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितल्या आहेत. पहिल्या राजेच्या २१ व्या अध्यायातली नाबोथाची गोष्ट तर जमीन बळकावण्याचीच. राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा राजा अहाबला हवा असतो, राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा जीव घेते, आणि संदेष्टा एलीया थेट राजासमोर जाऊन त्याला जाब विचारतो. हे सगळं 'खासगी श्रद्धा' म्हणून कपाटात ठेवायचं तर बायबलची अनेक पानं फाडावी लागतील.

आपल्याकडचं सार्वजनिक जीवनही मग पुष्कळ गरीब होईल. माझगावच्या माथारपाखाडीतले काका बाप्टिस्टा (१८६४-१९३०) ख्रिस्ती होते. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, कामगारांच्या संघटना बांधण्यात पुढे राहिले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात बायकांचे जे हाल झाले त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्य 'ख्रिस्ती' सरकारचं होतं, तरी त्यांनी त्याला धारेवर धरलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी झाडं, पाणी आणि जमिनीसाठी माणसं उभी केली. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. या तिघांना बळ कुठून मिळालं हे लपलेलं नव्हतं. पण त्यांनी लोकांपुढे मांडलं ते तपासून बघता येईल असं काहीतरी: स्वराज्याचा हक्क, रुग्णालयातली परिस्थिती, विहिरींचं आटणारं पाणी. तिसरी जागा म्हणतात ती हीच.

आता पाळक साहेबांचं. विश्वास बाहेर बोलावा हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. फक्त कोणाशी कसं बोलावं याबद्दलही शास्त्रात पुष्कळ सांगितलं आहे, आणि नेमका तो भाग अशा वेळी विसरला जातो. एलीया, नाथान, आमोस हे संदेष्टे स्वतःच्या राजांशी आणि स्वतःच्या लोकांशी बोलत होते. देवाशी करार मान्य केलेल्या लोकांना ते त्या कराराची आठवण देत होते. बाबेलमध्ये बंदिवान म्हणून राहणाऱ्यांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र (२९:७) वेगळं आहे. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात म्हटलं आहे. मोशेचं नियमशास्त्र बाबेलवर लादा असं त्यात कुठेही नाही. दानीएलाने (अध्याय १) राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस नाकारला. त्याने स्वतःसाठी आणि तीन मित्रांसाठी शाकभाजी आणि पाणी मागितलं, दहा दिवस पारखून पाहा म्हणाला. राजाचा मुदपाकखाना बंद करा असं तो म्हणाला नाही. आणि पौल करिंथकरांना (पहिलं पत्र, ५:१२) स्पष्ट विचारतो, बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे? मंडळीच्या आतल्यांबद्दल तो अत्यंत कडक आहे, बाहेरच्यांबद्दल नाही. बहुधार्मिक शहरात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या मंडळीला यापेक्षा नेमकं मार्गदर्शन कुठे मिळणार? पाळक साहेबांशी बोलताना राज्यघटनेपासून सुरुवात करू नका. या वचनांपासून करा.

आता मसुद्यातल्या त्या भागाकडे येऊ. 'पवित्र शास्त्र मद्यपान निषिद्ध मानतं' हे विधान मुळात टिकतं का? नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायात (२९-३५) दारुड्याचं जे वर्णन आहे ते वाचून अंगावर काटा येतो, आणि इफिसकरांस पत्रात (५:१८) मद्याने मस्त होऊ नका असं स्पष्ट आहे. पण काना गावच्या लग्नात (योहान २) येशूने पाण्याचा द्राक्षारसच केला, आणि पौलाने तीमथ्याला (पहिलं पत्र, ५:२३) पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षांचा रस देत असतील, शेजारच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सात वाइन असते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातसुद्धा धर्मविधीच्या वाइनसाठी वेगळी तरतूद ठेवावी लागली होती. म्हणजे हे वाक्य लिहिल्याबरोबर तुमच्याच वॉर्डातले निम्मे ख्रिस्ती म्हणतील, आमचं शास्त्र असं म्हणत नाही. आणि उत्पादन शुल्क खात्याच्या अधिकाऱ्याने काय करायचं? मेथडिस्ट बरोबर की कॅथलिक, याचा निवाडा? ते त्याचं काम नाही, आणि ते त्याचं काम असू नये यातच आपलं सगळ्यांचं हित आहे. आज जो अधिकारी आपल्या बाजूने बायबलचा अर्थ लावेल, तोच उद्या आपल्या विरुद्ध लावेल.

एका वचनाचे दोन टोकांचे उपयोग इतिहासात झालेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीतून (उत्पत्ती ११, देव माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवतो ती) वंशभेदाच्या धोरणाला आधार दिला, आणि तिथल्याच आर्चबिशप डेझ्मंड टुटूंनी त्याच बायबलमधून त्या धोरणावर हल्ला चढवला. १९९० मध्ये रस्टनबर्गच्या परिषदेत त्या चर्चच्या वतीने चुकीची कबुली देण्यात आली. तोवर कित्येक पिढ्या भरडल्या गेल्या होत्या. वचन कायद्यात शिरलं की त्याचा अर्थ सत्ता ज्याच्या हातात असेल तो लावतो.

परदेशातलं सोडा. आपल्याच घरचं उदाहरण आहे, आणि मंडळीत त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. भारतातल्या ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला. व्यभिचाराखेरीज लग्न मोडू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (१९:९) सूत्र त्याच्या मुळाशी होतं. पण कायद्याच्या कलमात त्याचं काय झालं पाहा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षं टाकून देणं किंवा दुसरं लग्न असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नवरा रोज मारतो एवढं कारण असेल तर फारतर कायदेशीर विभक्ती मिळायची, सुटका नाही. परस्पर संमतीने घटस्फोट तर नव्हताच. जिल्हा न्यायालयाने हुकूम दिला तरी त्यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागे. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला, त्यात पुढे सुधारणा होत गेल्या, ख्रिस्ती बाई मात्र तिथेच अडकून राहिली. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात त्या कलमाचा स्त्रियांवर अन्याय करणारा भाग रद्द केला, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलून दोघांना समान कारणं दिली, परस्पर संमतीचा मार्गही खुला केला. जवळजवळ १३२ वर्षं! बदलाची मागणी ख्रिस्ती स्त्रियांनीच लावून धरली होती.

या उदाहरणावर मी मुद्दाम थांबले. वचनात काही वाईट नव्हतं. टाकून दिल्या जाणाऱ्या बायकोचं रक्षण हाच त्याचा रोख होता. ते सरकारी कलम झालं तेव्हा त्यातली दया गेली आणि अट तेवढी उरली. एखादी मंडळी वचनाचा अर्थ चुकीचा लावते तेव्हा निदान पाळक बदलता येतात, दुसऱ्या मंडळीत जाता येतं. कायद्यातून बाहेर पडायला दार नसतं.

आता गोमांसबंदीशी मुलीने केलेली तुलना. तिला ती नीट करू द्या, कारण त्यातून तुमच्या मसुद्याची कसोटी मिळते. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. कोणी घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, हा त्यामागचा विचार. घटनेचं ४८ वं कलम वाचलंत तर त्यात धर्माचा उल्लेख नाही, शेती आणि पशुसंवर्धनाचा आहे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर चर्चा झाली तेव्हा झेड. एच. लारी हे मुस्लिम सदस्य म्हणाले की बहुसंख्याकांना हे धर्माच्या भावनेतून हवं असेल तर तसं सरळ सांगा, शेतीच्या आडून नको.

लारींचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं, आणि ते आपल्यालाही लागू आहे. 'सगळ्यांना पटतील अशी कारणं द्या' याचा अर्थ खरं कारण झाकून दुसरं पुढे करा असा नाही. म्हणून मसुदा लिहिण्याआधी कमिटीला हे विचारा: उद्या त्या दुकानाबाहेरची गर्दी संपली, दिवे लागले, शिवीगाळ थांबली, तरीही दुकान बंदच व्हावं असं आपल्याला वाटेल का? उत्तर 'नाही' असेल तर तुमची तक्रार खरोखर त्रासाची आहे, बेधडक करा. उत्तर 'हो' असेल तर जी मागणी उरते ती तुमच्या श्रद्धेची आहे. ती तुमच्या लोकांना सांगा, सरकारला नको. दुसरा प्रश्न: हीच मागणी याच शब्दांत, फक्त ग्रंथाचं नाव बदलून, दुसऱ्या धर्माच्या मंडळाने केली असती तर आपण सही केली असती का? रविवारची मागणी इथेच पडते. श्रावणी सोमवारी किंवा पर्युषणात सगळ्यांचं दुकान बंद ठेवा म्हटलं की आपल्याला खुपतं. शिवाय सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती शनिवार पाळतात. त्यांना कोणता वार देणार?

एवढी चाळणी लावूनही तुमच्या हातात पुष्कळ उरतं. आता ते करायचं कसं ते सांगते.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती पत्त्याची. दारूचा परवाना महापालिका देत नाही. नगरसेवकाला दिलेलं निवेदन बरेचदा फोटो काढून फाईलीत जातं. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मुंबई उपनगरच्या अधीक्षकांना करा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. रस्त्यावर बसून पिणं, छेडछाड, शिवीगाळ हे पोलीस ठाण्याचं काम. बंद पडलेले दिवे, फुटपाथ अडवणं, बाटल्यांचा कचरा हे वॉर्ड ऑफिसचं, म्हणजे सहायक आयुक्तांचं. तीन कार्यालयं, तीन वेगळे अर्ज. सगळं एकत्र लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

दोन दुकानं म्हणजे परवानेही दोन प्रकारचे. वाइन शॉपचा एफएल-२, देशी दारूच्या दुकानाचा सीएल-३. बसून प्यायची सोय असलेल्या परमिट रूमचा एफएल-३. एफएल-२ च्या दुकानात लोक उभे राहून पीत असतील तर तो परवान्याच्या अटींचा भंग आहे, आणि तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होईल. एकवीस वर्षांखालच्या मुलांना बिअर किंवा वाइन आणि पंचवीस वर्षांखालच्यांना त्याहून कडक दारू विकता येत नाही, हेही पाहा.

माहिती अधिकाराचा अर्ज मुलीला करायला सांगा, तिला सरावही होईल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. म्हणून दोन दुकानांचे दोन अर्ज करा. मागायचं ते असं: परवान्याची प्रत, जागेच्या पाहणीचा अहवाल आणि चर्च-शाळेपासून मोजलेल्या अंतराचा नकाशा, गेल्या तीन वर्षांतल्या तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. अंतराच्या नियमात चर्चचा उल्लेख करायला अजिबात संकोच करू नका. तो नियम मंदिर, मशीद, चर्च आणि शाळा सगळ्यांना सारखाच आहे, तुम्ही वेगळी सवलत मागत नाही.

दरम्यान दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय घडलं, किती माणसं, फोटो. 'नेहमी त्रास होतो' या वाक्याला कोणी विचारत नाही. 'अमुक तारखेला रात्री साडेआठला दुकानाच्या दाराशी नऊ जण पीत उभे होते' याला उत्तर द्यावं लागतं. निवेदन एका पानाचं ठेवा, शेवटी मागणी नेमकी: पाहणी करावी, अटींचा भंग आढळल्यास कारवाई करावी, केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी. सह्यांसोबत पत्ते घ्या. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आणि सह्या चर्चबाहेरच्यांच्या घ्या. देशी दारूच्या दुकानाचा सगळ्यात जास्त जाच होतो तो त्या गल्लीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांना, आणि त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती नसतील. चर्चच्या लेटरहेडवर त्यांना सही करायला सांगू नका. साध्या कागदावर 'आम्ही रहिवासी' म्हणून लिहा, त्यात मंडळीही येते. दुकान बंदच करायचं असेल तर आडव्या बाटलीचा, म्हणजे दुकान राहावं की नाही यावर मतदान घेण्याचा, मार्ग आहे: २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. महापालिका क्षेत्रासाठी सध्याचे निकष अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्या आणि मगच सह्यांना सुरुवात करा. सह्या मतदारयादीशी जुळल्या नाहीत तर अर्ज बाद होऊ शकतो. नाव, यादीतला भाग आणि अनुक्रमांक सहीच्या रांगेतच लिहून घ्या. २५ टक्क्यांवर थांबू नका, बऱ्याच जास्त जमवा.

बंदीची मागणी करण्याआधी मालवणी आठवा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. परवान्याचं दुकान हटलं म्हणून प्यायची सवय हटत नाही. जवळपास हातभट्टी चालते का, हे आधी बघा. चालत असेल तर पहिली तक्रार तिची करा. धोरणाचा परिणाम काय होईल हे वचन सांगत नाही. ते गल्लीत फिरून, आकडे पाहूनच कळतं, आणि ते कष्ट घेणं हाही शेजाऱ्यावरच्या प्रीतीचाच भाग आहे असं मी मानते.

उमेदवाराबद्दल थोडक्यात. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा धर्मस्थळाच्या जागेत राजकीय प्रचाराला मनाई करतो. त्यात स्थानिक संस्थांच्या निवडणुकाही येतात, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. जबाबदारी चर्च चालवणाऱ्यांवर येते. विधानसभा-लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की मतदाराच्या धर्माचं आवाहनही त्यात धरायचं. तो खटला आपल्याच सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीतून आलेला होता. उमेदवाराला सांगा, निवेदनाची प्रत सगळ्याच उमेदवारांना मिळेल, सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून एकच प्रश्न विचारू. जो नाराज होईल तो तसाही तुमचं निवेदन वरपर्यंत नेणार नव्हता.

असेच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी एक गोष्ट मान्य करायला हवी. दारूच्या दुकानाचा प्रश्न सोपा आहे, कारण त्रास सगळ्यांना दिसतो. गर्भपातासारख्या विषयात तसं नसतं. तिथे ज्याला गर्भातला जीव पूर्ण माणूस वाटतो त्याला 'सगळ्यांना पटेल असं बोल' म्हणणं म्हणजे अर्धं बोल म्हणणंच आहे. अशा वेळी विश्वासणाऱ्याने आपलं म्हणणं उघड मांडावं, त्यामागचं वचनही सांगावं, लोकशाहीत तो हक्क आहे. पण १९७१ पासूनचा कायदा बदला म्हणण्याआधी आपल्या मागणीचं ओझं ज्या बाईच्या अंगावर पडणार तिच्यासाठी मंडळीने काय केलं, ते आधी दाखवावं. बाळंतपणाचा खर्च, मुलाचं पालनपोषण, टाकून दिलेल्या बाईला आसरा. रमाबाईंनी परित्यक्ता आणि विधवांसाठी आधी छप्पर उभं केलं. दलित ख्रिस्ती बांधवांच्या आरक्षणाचं उदाहरण याच्या उलट आहे. ख्रिस्ती दलितांना वगळणाऱ्या १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाबद्दल लढताना 'ख्रिस्तात सर्व एक' (गलतीकर ३:२८) हे वचन पुढे केलं तर ते विरुद्ध बाजूच्याच कामी येतं. तिथे उपयोगी पडते ती विहीर, स्मशान, लग्नाची सोयरीक यांत धर्मांतरानंतरही टिकलेल्या जातीची माहिती.

नीतिसूत्रांचा २३ वा अध्याय वाया जाऊ देऊ नका, ताई. त्याची जागा मंडळीतच आहे. त्या दुकानात जाणारे काही जण तुमच्याच बाकांवर बसत असतील, आणि त्यांच्या बायका ते कोणाला सांगत नसतील. पाळक साहेबांना त्यावर उपदेश करायला सांगा. महिला मंडळाच्या दोघी-तिघी अशा घरांत नेमाने जातील अशी व्यवस्था करा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभेसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चचा हॉल फुकट द्या, आणि तो सर्व धर्मांच्या लोकांसाठी आहे हे फलकावर मराठी-हिंदीत लिहा.

कमिटीने तरीही वचनासहितच मसुदा हवा असं ठरवलं तर भांडू नका. दोन मसुदे टेबलावर ठेवा आणि मतदान मागा. हरलात तर तुमचं वेगळं मत इतिवृत्तात नोंदवून घ्या, सेक्रेटरी म्हणून ठराव आहे तसा पाठवा, आणि रहिवासी म्हणून दुसरा अर्ज स्वतःच्या सहीने, गल्लीतल्या बायकांच्या सह्यांसकट, वेगळा दाखल करा. कायद्याने त्यात काही अडचण नाही, आणि अधीक्षकांना दोन्हींवर उत्तर द्यावं लागेल.